माळकऱ्याची गाठ

गुलाबचंदची थाप मृदंगावर पडली की सिद्धेश्वरच्या धरणातलं पाणीसुद्धा काठाला येऊन ऐकतं, असं पारुबाई म्हणायची. नवऱ्याचं कौतुक बायकोनं चारचौघांत करू नये म्हणतात, पण हा नियम तिनं कधी पाळला नाही. पाळायचा तरी काहून? औंढ्यापासून साखऱ्यापर्यंत कुठंही सप्ताह बसला आणि विष्णुपंत बुवांचं कीर्तन ठरलं की बुवांचा पहिला निरोप तांड्यावर यायचा. गुलाबराव मोकळे आहेत ना? नसतील तर तारीख बदला.

तांडा धरणाच्या वरच्या अंगाला, माळावर. इथल्या बंजाऱ्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडलेले. आता बैल थांबले, माणसं थांबली, सोयाबीन आणि हळद पिकवू लागली. पण नवस फेडायचा तर बोकड आणि मोठा पाहुणा आला तरी बोकड, ही रीत काही थांबली नाही. अशा तांड्यात गुलाबचंदनं ऐन तरुणपणी बुवांच्या हातून तुळशीची माळ घातली आणि त्यानंतर मांसाचा तुकडा तोंडाला लावला नाही. सासुरवाडीचे रुसले, भावकी हसली, तरी तो ढळला नाही.

पारुबाईनं मात्र माळ घातली नाही. कीर्तन तिचा जीव की प्राण, पण सळोईही तितकीच प्यारी. बोकडाच्या काळीज-आतड्यांची ती तिखट सळोई तिच्यासारखी अख्ख्या तांड्यात कुणाला जमत नसे. नवऱ्याची चूल घरात आणि तिची चूल बाहेर लिंबाखाली. "देव मधल्या उंबऱ्यावर बसत असल," ती म्हणायची, "दोन्हीकडचा वास घेत."

तर त्या वर्षीची गोष्ट. हळद काढून झाली होती, कढया पेटल्या होत्या. हळद शिजवायच्या दिवसांत आमच्या हिंगोली जिल्ह्यात माणसाचा रंग विचारू नये. हात पिवळे, पाय पिवळे, पांढरं धोतर पिवळं, लेकराचं शेंबडं नाकसुद्धा पिवळं. त्यात गुलाबचंदचे हात पिवळे झाले तर कुणाला काय वाटणार? कुणालाच काही वाटलं नाही. जेवण जाईना, अंगाला खाज सुटली, तर म्हणाले वाफ बाधली. उजव्या बरगडीखाली दुखून आलं, तर म्हणाले पोतं उचलताना लचक भरली.

मग शेजारच्या गावी बुवांचं कीर्तन आलं. कीर्तनाआधी मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची असते, तिच्याशिवाय घुमारा येत नाही. गुलाबचंद पुढं बसून कणीक मळून राहिला होता. विष्णुपंत बुवांनी वाकून पाहिलं आणि हसत म्हणाले, "गुलाबराव, हात हळदीचे आहेत. लग्न कुणाचं?"

मंडप हसला. गुलाबचंदही हसला. बायकांच्या बाजूला बसलेली पारुबाई तेवढी हसली नाही. तिची नजर कणकेवर होती. हात असा पिवळाजर्द आणि त्या हातातली कणीक पांढरीशुभ्र. हळद असती तर कणीक रंगली नसती का?

कीर्तन सुटल्यावर तिनं त्याला दिव्याखाली ओढलं आणि पापणी खाली केली. डोळा कढईतल्या हळदीसारखा.

"ही हळद न्हाई," ती म्हणाली. "ही कावीळ हाय."

साखऱ्याकडचा वसराम काविळीची माळ बांधायचा. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवून तो गळ्यात घालायचा. काड्या सुकून माळ जशी लांबत जाईल तशी कावीळ उतरत जाते, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. गुलाबचंदच्या गळ्यात तुळशीच्या माळेशेजारी ही दुसरी माळ पडली. ती लांबत लांबत बेंबीला आली. कावीळही लांबत लांबत डोळ्यांतून नखांत आली. वर थंडी वाजून ताप भरू लागला, असा की खाट हलायची. वसराम मनाचा सच्चा माणूस. तो स्वतः येऊन म्हणाला, "माझी माळ लांबली, पण तुमची कावीळ काही उतरली न्हाई. हे माझ्या हातचं काम न्हाई. हिंगोली गाठा."

हिंगोलीच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर होत्या अनुश्रीबाई, विष्णुपंत बुवांची लेक. लहानपणी बापाच्या कीर्तनात ती मृदंगाला टेकूनच झोपी जायची, आणि गुलाबचंद तिची झोप मोडू नये म्हणून त्या बाजूची थाप हलकी मारायचा. ती आता पांढऱ्या कोटात समोर उभी.

"काका, इतके दिवस काय करत होतात?"

"हळद शिजवून राहिलो होतो, बाई."

तपासण्या झाल्या. अनुश्रीनं खाटेजवळ बसून सगळं समजावून सांगितलं. पारुबाई होती, आणि गुलाबचंदचा थोरला भाऊ मोहनसिंग होता, तांड्याचा नाईक. अनुश्री म्हणाली, "यकृतात, म्हणजे काळजात, नारळाएवढी पाण्याची गाठ आहे. कॅन्सर नाही, घाबरू नका. पण जुनी आहे, वर्षानुवर्षं गुपचूप वाढलीय. तिच्या पोटात अजून बारक्या गाठी असतात, आम्ही त्यांना पिल्लं म्हणतो. आता ती पित्ताच्या नळीत फुटलीय आणि त्या पिल्लांची सालं नळीत अडकलीत. कॅनॉलच्या तोंडाशी कचरा अडकला की पाणी मागं फुगतं ना, तसं पित्त मागं फुगलं आणि रक्तात चढलं. त्याचीच ही कावीळ."

"गोळ्यांनी जाईल का?" पारुबाईनं विचारलं.

"गोळ्या सुरू केल्यात, पुढंही द्यायच्या आहेत. पण नळी मोकळी करायला पोट उघडावंच लागेल. ताप आटोक्यात आला की लगेच. उशीर केला तर हे विष अंगभर पसरेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

"हे व्हतं तरी कशानं?" मोहनसिंगनं विचारलं.

"हा मुळात शेळ्या-मेंढ्यांचा आणि कुत्र्यांचा आजार आहे. माणसाला चुकून होतो," अनुश्री म्हणाली, आणि तेवढ्यात तिला दुसऱ्या रुग्णाकडून बोलावणं आलं.

एवढी अर्धी गोष्ट घेऊन मोहनसिंग तांड्यावर गेला. अर्ध्या कीर्तनातून उठलेला आणि अर्ध्या निदानातून उठलेला, दोघंही गावाला सारखाच घोर लावतात. कीर्तनातली कथा तरी दुसऱ्या रात्री पुरी होते. इथं दिवेलागणीपर्यंत तांड्यात चुलीचुलीवर एकच बोलणं शिजत होतं. माळकऱ्याच्या पोटात बोकडाचा रोग निघाला. कुणी म्हणे कुत्र्याची पिल्लं निघाली. म्हाताऱ्या म्हणाल्या, बोकड खाल्ल्याबिगर बोकडाचा रोग कसा व्हईल?

दुसऱ्या दिवशी जीप भरून माणसं भेटीला आली. मोहनसिंग खाटेवर टेकला, भावाच्या पायावरून हात फिरवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, पण नाईकाचा दबका आवाजही वॉर्डभर जातो, "गुलाब, इथं सारे घरचेच हाईत. खरं सांग. कधीमधी बाहेरच्या चुलीवरचं..."

गुलाबचंदनं पाय आखडून घेतले.

"आरं, मी काही बोल लावत न्हाई. पारुबाईची सळोई हायच तशी. देवाचा बी तोल जाईल."

माणसं हसली. वाईट नव्हती ती, काळजीत असलेल्या माणसांना हसायला निमित्तच लागतं. पण गुलाबचंदनं भिंतीकडं तोंड फिरवलं. पारुबाईला वाटलं, कुणी मृदंगाच्या तोंडावरच्या काळ्या शाईवर खिळा ओढला.

त्यातच सिस्टरबाई आल्या. उद्या सकाळी ऑपरेशन आहे म्हणाल्या. अंगावरचे गंडे, करदोटा, अंगठी, सगळं काढून ठेवा. आणि ही गळ्यातली तुळशीची माळही काढा, गळ्यापाशी सुई घालायची आहे.

गुलाबचंद उठून बसला. अंगात ताकद नव्हती, तरी सलाइनच्या हातानंच चपला शोधू लागला.

"पारू, घरला चल."

अनुश्री धावत आली. "काका, बाबांना फोन लावून देऊ का? तेच म्हणतील, काढ म्हणून."

"म्हणतील बाई. देवमाणूस हाईत ते, व्हयच म्हणतील." गुलाबचंदला धाप लागली होती. "देवाचं मला भ्या न्हाई. देवाला माहीत हाय मी काय खाल्लं आन काय न्हाई. तांड्याला माहीत न्हाई. उद्या टेबलावरच मेलो तर बिनमाळेचा मरीन. लोक म्हणतील, खोटा होता म्हणून मरताना माळ बी उतरली. त्यापरीस माळ घालून घरी मेलेलं बरं."

कुणाचं काही चालेना. मोहनसिंग खाली मान घालून बाहेर गेला, जीपमधली माणसं व्हरांड्यात जाऊन बसली. पारुबाईनं त्याच्या चपला खाटेखाली सारल्या. मग पदर खोचून अनुश्रीच्या मागं तिच्या खोलीत गेली.

"बाई, ती गाठ मला दाखव."

अनुश्रीनं संगणकावर चित्र लावलं. राखाडी काळजात एक मोठा काळा गोळा, आणि गोळ्याच्या पोटात बारके बारके गोळे.

पारुबाई पुढं वाकली. हे तिनं पाहिलेलं होतं. इथं नाही, लिंबाखाली, परातीत. बोकड सोलला की कधी कधी त्याच्या काळजावर असाच पांढुरका, पाण्यानं टरटरलेला फोड निघतो. तांड्यात त्याला पाणगाठ म्हणतात. ती सळोईत पडू द्यायची नसते. सुरीनं सावकाश सोडवायची आणि लांब फेकायची.

"ही तर बोकडाची पाणगाठ," ती म्हणाली.

"तीच ती. काढल्यावर तुम्ही कुठं टाकता?"

"शेरूला."

शेरू गुलाबचंदचा कुत्रा. आधी मुक्या जिवाला घास, मग आपल्याला, हे त्याचं ब्रीद. रोज भाकरीचा पहिला तुकडा शेरूच्या तोंडात द्यायचा, शेरू हात चाटायचा, आणि त्याच हातानं तो आपला घास मोडायचा.

अनुश्रीनं मग ती राहिलेली अर्धी गोष्ट पुरी केली. पाणगाठ कुत्र्याच्या पोटात गेली की तिथं डोळ्याला दिसणार नाहीत असे जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, त्याच्या केसांना लागतात, जिभेला लागतात. तिथून गवतात जातात आणि शेळी चरते. तिथून हाताला येतात आणि माणूस जेवतो. "मटण खाऊन हा आजार होत नाही, मावशी. मग खाणारा असो नाहीतर माळकरी."

पारुबाईनं डोळे पुसले नाहीत. तशीच व्हरांड्यात आली. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिरासमोर मोठ्यानं बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर कपाळाच्या वर सरकू दिला नव्हता. आज पदर खांद्यावर होता.

"नाईकदादा, मागच्या नवसाच्या बोकडाच्या काळजात पाणगाठ निघाली होती. ध्यानात हाय?"

"हाय," मोहनसिंग म्हणाला. "मीच धरला होता की तो."

"त्या बोकडानं कुठं चोरून मटण खाल्लं होतं?"

मोहनसिंगनं पागोटं सारखं केलं.

"सांगा ना. बोकड तर जन्माचा माळकरी. पाला खाल्ला, बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, कधी कुणाच्या सळोईला तोंड लावलं न्हाई. तरी त्याच्या काळजात गाठ. मग माझ्याच माणसाची गाठ तेवढी खाण्यानं आली व्हय?"

एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसू लागली. मग दुसरी हसली. हसू आता बाजू बदलून गेलं होतं.

"आन ती गाठ शेरूला कुणी टाकली?"

मोहनसिंगनं आपल्या तळहाताकडं पाहिलं. "मीच टाकली," तो म्हणाला.

"मी बी टाकली, वर्सानुवर्सं. सुरी माझी, सळोई माझी. आपण खाल्लं, शेरूला टाकलं, आन ज्यानं खाल्लं न्हाई त्याच्या पोटात गेलं. ज्याचा हात आधी मुक्या जिवाकडं गेला, त्यालाच बाधलं. आन आपण त्यालाच इचारतो, खरं सांग म्हणून."

मोहनसिंग उठला. तांड्याचा नाईक कुणासमोर वाकत नाही. त्यानं वॉर्डात जाऊन धाकट्या भावाच्या उशापाशी पागोटं काढून ठेवलं.

"गुलाब, तुझी माळ खरी हाय. खोट माझ्या जिभेत होती. हे मी तांड्याच्या चौकात बोलणार हाय. तू बरा होऊन ऐकायला ये म्हंजे झालं."

गुलाबचंदचे डोळे भरले. पण हट्टाचं माणूस ते. "ते ठीक हाय दादा. पण माळ काढून ठेवायची कुठं? कपाटात? पाकिटात? माळ भुईला लागू देत न्हाईत, खुंटीला टांगत न्हाईत. ती गळ्यातच पायजे."

पारुबाईनं मान पुढं केली. "मंग गळ्यातच राहू द्या. हितं घाला."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. तांड्यातली एक नंबरची सळोई रांधणारी ती.

"पारू, इचार कर," गुलाबचंद हळू म्हणाला. "रातभराची गोष्ट न्हाई ही. एकदा घातली की उतरवता येत न्हाई."

"तुमी उतरवूनच राहिला की."

कित्येक दिवसांनी गुलाबचंद हसला. हसल्यावर बरगडीखाली कळ आली, तरी हसला.

"आन बाहेरची चूल?"

"ती इझली म्हणून समजा."

त्यानं माळ काढली आणि तिच्या गळ्यात घातली. दोरा जुना, तिच्या मानेमागं सैल पडू लागला. दारात उभी राहून सगळं बघणारी अनुश्री पुढं आली. "थांबा मावशी, गाठ मी बांधते." तिनं अशी पक्की गाठ मारली की ओढूनही हलेना. शस्त्रक्रियेचेच हात ते. एक गाठ बांधून ती दुसरी सोडवायला निघाली.

सकाळी गुलाबचंदला आत नेलं. व्हरांड्यात तांडा बसून होता. मोहनसिंगची बोटं बाकावर ठेका धरत होती, चुकत होती, पुन्हा धरत होती. एरवी पारुबाईनं टोमणा मारला असता, की हा हात मृदंगाचा न्हाई. आज तिला तो चुकलेला ठेकाही गोड लागला. तिनं माळेचा एकेक मणी धरला आणि डोळे मिटले. आयुष्यभर दुसऱ्याच्या गळ्यात पाहिलेली माळ आपल्या मानेला लागली की किती वजनदार वाटते, ते तिला त्या दिवशी कळलं.

ऊन व्हरांड्याच्या पायरीवर चढलं तेव्हा अनुश्री बाहेर आली. मास्क गळ्यात, कपाळ घामानं चिंब. हातात काचेची बरणी.

"काका सुखरूप आहेत."

मग तिनं बरणी उजेडात धरली. आत पांढरे, पारदर्शक गोळे तरंगत होते. काही सोललेल्या द्राक्षांएवढे, काही मटकीएवढे, आणि काही नुसती फाटलेली सालं.

"हीच का पिल्लं?" मोहनसिंग म्हणाला. "मी म्हणलं शेपट्या असतील."

"नळी साफ झाली. अडकलेली सालं सगळी काढली," अनुश्री सांगत होती, आणि तिच्या थकलेल्या आवाजात घरच्यासारखा अभिमान होता. "पोटातून एक रबरी नळी काही दिवस बाहेर राहील, पित्ताला वाट म्हणून. ती नंतर काढू. खरी भीती होती ती ही गाठ सोडवताना. हिच्यातला एक थेंब जरी पोटात सांडला तरी पुन्हा नव्या गाठी धरतात. म्हणून गाठीभोवती चहूबाजूंनी मिठाच्या कडक पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या रचल्या. मिठात हे जंत मरतात."

"मिठात?" पारुबाईनं विचारलं.

"हो, मिठातच."

पारुबाई ताठ झाली. व्हरांड्यातल्या सगळ्यांकडं तिनं असं पाहिलं, जसं गुलाबचंदच्या पहिल्या थापेनंतर ती बायकांकडं पाहायची.

"ऐकलं का रे? आपल्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मुलूखभर मीठ वाहिलं. लोकांच्या घरोघर पोचवलं. आज ते आपल्या घरच्या कामाला आलं."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यातल्या एकानं तर, आपणच सकाळी ती गोणी उतरवून आलो अशा थाटात, मिशीवरून हात फिरवला.

कावीळ चढली होती तशीच उतरली, हळूहळू. आधी नखं निवळली, मग चेहरा, शेवटी डोळे. पोटातली नळी निघाली. त्याआधीच गुलाबचंद खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटांनी बोल वाजवू लागला होता. शेजारचे रुग्ण तक्रार करतील म्हणून सिस्टरबाई सांगायला आल्या आणि शेजारचेच म्हणाले, वाजवू द्या.

पुढच्या सालचा सप्ताह तांड्यातच बसला. मोहनसिंगनं तो अडून मागून घेतला होता. भावाची माळ खरी असल्याचं तो चौकात बोलला तर होताच, वर तांड्याला एक नेम लावून दिला होता. आधी खड्डा, मग बोकड. काळजातली पाणगाठ आणि टाकाऊ ते सगळं खोल पुरायचं, कुत्र्याच्या तोंडी काही लागू द्यायचं नाही. जनावरांच्या डॉक्टरला बोलावून तांड्यातल्या कुत्र्यांना जंताच्या गोळ्या दिल्या. शेरूनं आपली गोळी गुळाच्या भाकरीतून खाल्ली. गुलाबचंद अजूनही पहिला घास शेरूलाच देतो, फक्त आता खाली ठेवून देतो आणि साबणानं हात धुऊन पानावर बसतो.

कीर्तनाला विष्णुपंत बुवा आले, सोबत अनुश्री आली. गुलाबचंदचा गळा अजून रिकामाच होता; उतरलेली माळ परत घालायची ती तांड्यासमोर, बुवांच्याच साक्षीनं, असा त्याचा हट्ट. बुवांनी झोळीतून कोरी तुळशीची माळ काढली.

"पारुबाई, वेळ निभावून नेलीत. आता गुलाबरावांची जुनी माळ त्यांना द्या, आणि तुमची इच्छा असेल तर ही नवी तुम्ही घ्या. नसेल तर देव काही रागावणार नाही."

"नवी त्यांना घाला, बुवा," पारुबाई म्हणाली. "हिची गाठ तुमच्या लेकीनं बांधलीय. तिनं बांधलेली गाठ तिच्याबिगर कुणाला सुटत न्हाई, आन मी तिला सोडू देत न्हाई."

अनुश्री हसली. बुवांनी नवी माळ गुलाबचंदच्या गळ्यात घातली. तो पुढं बसला, परातीतली कणीक घेतली, मळली. पारुबाईनं बायकांतून मान उंच करून पाहिलं. कणीक पांढरी आणि हात गव्हाच्या रंगाचा. मग पहिली थाप पडली, आणि धरणाच्या पाण्याचं तर मला माहीत नाही, पण तांड्यातलं एकही माणूस जागचं हललं नाही.

मंडपाच्या मागं, पार लांब, पाहुण्यांसाठी चूल पेटली होती. तांड्याची सळोई आता शकुबाई रांधते. तिनं येऊन पारुबाईच्या कानाशी विचारलं, "मावशी, चव तर तुमी घेणार न्हाई. मंग कसं कळावं बराबर झालीय का?"

पारुबाईनं मृदंगावरची नजर हलवली नाही. वाऱ्याच्या अंगाला तेवढं नाक केलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.